हिरवी थैली वावराची

मामाजी, म्हणजे माझे सासरे, पौषात गेले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि ओसरीवरची त्यांची बाज भिंतीला उभी करून ठेवली तेव्हा कुठं खरं वाटायला लागलं. त्याच आठवड्यात कोतवाल निरोप घेऊन आला, "पटवारी म्हणून राह्यले, वारसाचा अर्ज देऊन टाका. तीन महिन्यांच्या आत द्या लागते." सरकारनं २०२४ मध्ये तलाठ्याच्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं. आमच्या वर्धा जिल्ह्यात मात्र आधीही त्याला कोणी तलाठी म्हणत नसे. पटवारीच म्हणायचे, अजूनही तेच म्हणतात.

अर्जाला लागणारे कागद तसे थोडके. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्या वारसांची आधार कार्डं, रेशन कार्ड, एक शपथपत्र. सातबारा तर आता पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा निघतो, घरबसल्या. पण कोणत्या गटाचा काढायचा? आमचं वावर तीन ठिकाणी आहे. एक नाल्याकाठचं, एक टेकडीवरचं, आणि एक दीड एकराचा तुकडा शेजारच्या मौज्यात, जो मामाजींनी फार वर्षांपूर्वी त्यांच्या मावसभावाकडून घेतला होता. त्या तुकड्याचा गट नंबर घरात कोणालाच सांगता येईना. ह्यांना नाही, भासऱ्यांना, म्हणजे मोठ्या दिरांना, नाही, मला तर नाहीच. वीस वर्षं त्या वावरात मी निंदण केलं, कापूस वेचला, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीची बोरं खाल्ली, आणि कागदावर त्या जमिनीला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.

ठाऊक फक्त मामाजींना होतं, आणि त्यांच्या संदुकीला.

संदूक देवखोलीत असे. पत्र्याची, निळा रंग जागोजागी उडालेली, पुढं पितळेचं कुलूप. किल्ली मामाजींच्या करदोड्याला. आंघोळ करतानाही ती काढलेली कोणी पाहिली नाही. शेवटच्या दिवशी करदोडा तोडला तेव्हा भासऱ्यांनी ती किल्ली सोडवून सासूबाईंच्या हातात दिली. चोपन्न वर्षांच्या संसारात ती त्यांच्या हातात पहिल्यांदाच आली. त्यांनी ती तेरा दिवस पदराच्या गाठीत ठेवली आणि चौदाव्या दिवशी मला म्हणाल्या, "तूच उघड वो. मले वाचता येत नाही, माया काय कामाची?"

संदूक उघडली तेव्हा वेखंडाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. कागदांना कसर लागू नये म्हणून मामाजी दर उन्हाळ्यात वेखंडाचे नवे तुकडे टाकत. वरच्या थरात अलीकडचे कागद होते. पीक विम्याच्या पावत्या, त्यात २०२३ च्या खरिपापासूनच्या एक रुपयावाल्या. बियाण्यांची बिलं. त्यांच्याच आजारपणाची फाईल, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या. मग लग्नपत्रिका. दोनशेच्या वर असतील, रबर लावून बांधलेल्या, आणि रबर उन्हानं वितळून पत्रिकांना चिकटलेलं. मग तारेत खोवलेली पंपाची लाईट बिलं. त्याखाली तीन कर्जमाफ्यांचे कागद एकाच सुतळीनं बांधलेले, २००८ ची, २०१७ ची, २०१९ ची. प्रत्येक वेळी तेच कागद पुन्हा मागितले होते आणि प्रत्येक वेळी मामाजींनी पुन्हा दिले होते. आणखी खाली कापूस एकाधिकार खरेदीच्या काळातले चुकारे. ही योजना १९७२ साली सुरू झाली. सरकारच्या पणन महासंघालाच कापूस द्यायचा आणि पैसे हप्त्याहप्त्यानं घ्यायचे. चुकाऱ्याच्या पावतीवर कापसाची जात लिहिलेली, एच-४, वजन क्विंटल-किलोत, आणि कोपऱ्यात मामाजींची तरुणपणची सही. शेवटची काही वर्षं त्यांच्या सहीचा 'म' थरथरत असे. इथं तो ताठ होता.

तीन दिवस मी आणि माझी मुलगी ओसरीवर सतरंजी अंथरून बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक लहान गाठोडं निघालं. त्यात मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीसारख्या पद्धतीच्या, काळातल्या लगानाच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पावत्या होत्या. आमचा भाग तेव्हा मध्यप्रांतात होता, मालगुजारी १९५१ मध्ये गेली, त्याआधीच्या या. दोन पावत्या मोडीत, बाकीच्या बाळबोध. त्यांच्यामध्ये घडी घातलेला, घडीवर विरलेला एक कागद होता. आजेसासऱ्यांच्या शाळेचा दाखला. नाव, जन्मतारीख, जात, शाळेत दाखल केल्याची तारीख. सगळं काळ्या शाईत, स्पष्ट.

मुलगी तो कागद हातात धरून बसली. ती काही बोलली नाही, मीही नाही.

हा कागद आम्ही दोन वर्षांपूर्वी पाच महिने शोधला होता. मुलीचा नर्सिंगला नंबर लागला तेव्हा जात वैधता प्रमाणपत्र लागणार होतं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो, कुटुंबातल्या कोणाच्या तरी नावचा, ज्यावर जात लिहिलेली आहे असा. जितका जुना तितका बळकट. ह्यांनी शाळा पालथी घातली, तिथलं जुनं दाखल-खारीज रजिस्टर पुराच्या वर्षी भिजून गेलं होतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागितली, तर आमच्या गावचं त्या सालांचं बुकच मिळेना. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी आणि बसचं भाडं. शेवटी मुदत टळली, मुलीची जागा खुल्या प्रवर्गात धरली गेली आणि त्या वर्षीची पूर्ण फी आम्ही तुरीचे पैसे घालून भरली.

आणि तेव्हा मामाजी घरातच होते. त्यांना लकवा मारला होता, उजवा हात आणि वाचा दोन्ही गेलेलं. पण त्यांना सगळं ऐकू येत होतं. हे संध्याकाळी तहसीलातून येऊन ओसरीवर बसले आणि "आजही नाही भेटलं" म्हणाले, की मामाजी डाव्या हातानं कमरेकडं दाखवायचे. पुन्हा पुन्हा दाखवायचे. आम्हाला वाटायचं पोट दुखतं. सासूबाई ओव्याचं पाणी द्यायच्या. एकदा तर मी त्यांना दवाखान्यातही नेलं. ते किल्ली दाखवत होते.

ही गोष्ट कळल्यापासून मी घरातल्या कागदांकडं पसारा म्हणून पाहू शकत नाही. पसारा तर होताच, आणि तो आवरायलाही हवा होता. पण एकाच माणसाच्या कमरेला किल्ली आणि एकाच माणसाच्या डोक्यात हिशोब, यामुळं किती नुकसान होतं ते मी डोळ्यानं पाहिलं होतं. आणि आमच्याकडं हे एका घराचं नाही.

आमच्या घरामागं माझ्याच वयाची एक बाई राहते. तिचा नवरा सात वर्षांपूर्वी गेला. जसे आमच्या भागातले शेतकरी जातात तसा, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. अशा घराला सरकारकडून एक लाख रुपयांची मदत मिळते, २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणं. जिल्ह्याच्या समितीपुढं प्रकरण जातं आणि पात्र की अपात्र ते ठरतं. हे दोन शब्द यवतमाळ-वर्ध्याकडं शाळेतल्या पोरांनाही माहीत आहेत. समिती पाहते ते नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा. तिच्याकडं नापिकी होती, कर्ज होतं. तगाद्याची नोटीसही घरी आली होती, पण नवऱ्यानं ती कोणाला दाखवली नाही. लाजेनं फाडून गोठ्यात टाकली. तिनं तुकडे पाहिले होते, झाडून फेकलेही होते. कोणत्या बँकेची, कोणत्या शाखेची, तिला सांगता आलं नाही. तिनं ती कधी वाचलीच नव्हती, तिच्या हाती ती आलीच नव्हती. प्रकरण अपात्र झालं. अशा नोटिशीची नक्कल बँकेकडून मागता येते हे तिला त्या वेळी कोणी सांगितलं नाही. पुढं तिच्या भावानं धावपळ करून ती काढली, फेरचौकशीचा अर्ज दिला. तोवर तिनं बैलजोडी विकली होती.

ती आमच्याकडं ताक न्यायला येते. त्या तीन दिवसांत एकदा ओसरीवर कागद पसरलेले पाहून ती दारातच थांबली आणि म्हणाली, "सारं ठेव वो बाई. एकही फेकू नोको." मी तिचं सारं ऐकू शकले नाही, कारण सगळं ठेवल्यानंच आमच्या संदुकीत ते गाठोडं तळाशी गेलं होतं. दोनशे लग्नपत्रिकांच्या खाली दाखला दबला होता.

तर काय ठेवायचं आणि काय काढायचं.

लाईट बिलं पहिली काढली. शेवटच्या तीन वर्षांची भरल्याची पावती ठेवली, बाकी गेली. छापील सातबारे गेले, ते केव्हाही निघतात. पण संगणक येण्याआधीचे हस्तलिखित सातबारे, ज्यांवर कोणत्या साली कोणत्या फेरफारानं काय बदललं त्याच्या खुणा आहेत, ते एकही टाकला नाही. संगणकावर चढवताना नावात, क्षेत्रात चुका झाल्या आहेत, आणि त्या दुरुस्त करायला जुनाच कागद दाखवावा लागतो. आमच्याच टेकडीच्या वावरात चार गुंठे कमी चढले होते. चुकारे गेले, एक ठेवून. कर्जमाफीच्या गठ्ठ्यातून फक्त बँकेचे बेबाकी दाखले, म्हणजे काही येणं बाकी नसल्याचे, आणि बोजा उतरवल्याचे फेरफार काढून घेतले. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही, दाखला नेऊन द्यावा लागतो. एक बोजा अजून चढलेलाच होता, अकरा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा.

बियाण्याच्या बिलांचं वेगळं आहे. ते पक्कं बिल, पिशवी, पिशवीचा टॅग आणि मूठभर बी, हे चारही कापणी होईपर्यंत जपायचं. उगवण झाली नाही तर तक्रार करताना लॉट नंबरच विचारतात, आणि तो पिशवीवर असतो, जी आपण पाणी भरायला किंवा छपराला लावायला वापरून मोकळे होतो. सोयाबीन घरात आलं की बिल फाडलं तरी चालतं.

झेरॉक्सचा तर ढीगच. आधारच्या झेरॉक्स मी मोजल्या, एकशे बारा निघाल्या. दर योजनेला दोन काढायच्या, एक द्यायची, एक उरते. त्या रद्दीत देऊ नयेत, दुकानात त्यांच्या पुड्या होतात आणि आपला नंबर गावभर फिरतो. आम्ही त्या बारीक फाडून भिजवल्या आणि उकिरड्यात घातल्या. आता झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहून देतो, 'फक्त पीक विम्यासाठी', आणि तारीख.

आणि लग्नपत्रिका. त्यांच्यावर हळदीकुंकवाचं बोट लागलेलं, वर गणपती छापलेला. कागदाला पाय लागला तर नमस्कार करायला शिकवलेले आपण, पत्रिका फाडायची कशी? सासूबाईंसमोर तर नाहीच. त्या रात्री मी त्यांना एकेक पत्रिका वाचून दाखवली. कोणाचं लग्न, कोणत्या गावी, कोण कोणाचा. त्यांना सगळी लग्नं आठवत होती, कुठं बुंदी कमी पडली, कुठं वरात बंडीनं गेली होती. दोन रात्री हे चाललं. मग त्यांनीच घरातल्या पाच पत्रिका बाजूला काढल्या आणि बाकीच्यांवरचे गणपती कात्रीनं कापले. ते सगळे गणपती आम्ही पोळ्यानंतर घरच्या गणपतीसोबत नदीला दिले. उरलेल्या पत्रिकांचे कोरे मागचे भाग मजुरीचा हिशोब लिहायला मला अजून पुरताहेत.

एका गोष्टीनं मला फार थांबवलं. मामाजींनी जुनी कॅलेंडरं गुंडाळून ठेवली होती, सतरा वर्षांची. प्रत्येक पानावर तारखेच्या चौकोनात त्यांची बारीक अक्षरं. 'गाय फळली.' 'नाल्याचं वावर पेरलं.' 'पाऊस दोन बोटं.' 'दुबार.' दुबार म्हणजे दुबार पेरणी. एका जुलैमध्ये तो शब्द दोनदा होता. एका चौकोनात फक्त 'पोरगी झाली' एवढंच, ती माझी मुलगी. कोणत्या कार्यालयात ही कॅलेंडरं मागणार नाहीत. पण नाल्याच्या वावरात पाणी कधी साचतं आणि टेकडीचं कधी वाफशाला येतं ते सतरा वर्षांचं त्यात आहे. हे परवा पेरणीआधी ती उघडून बसले होते. कॅलेंडरं संदुकीतच राहिली.

एक चूक माझ्या हातून झाली ती लिहून ठेवते, कोणाच्या तरी कामी येईल. पीक कर्जाचा हप्ता आम्ही एका वर्षी ३१ मार्चच्या आदल्या दिवशी बँकेच्या मशीनमध्ये भरला होता. ३१ मार्चच्या आत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला व्याज लागत नाही, म्हणून ती तारीख आमच्याकडं सणासारखी सगळ्यांच्या लक्षात असते. मशीनमधून निघालेली चिठ्ठी जपून ठेवावी म्हणून मी तालुक्याला जाऊन लॅमिनेशन करायला दिली. यंत्रातून ती बाहेर आली तेव्हा पूर्ण काळी झाली होती. एकही आकडा दिसेना. त्या कागदावर शाई नसतेच. कागदाला एक लेप असतो, तो उष्णतेनं काळा होतो आणि त्यातूनच अक्षरं उमटतात. लॅमिनेशनची गरम पट्टी फिरली की सगळाच कागद काळा. आणि नुसता ठेवला तरी आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वर्षभरात अक्षरं उडून जातात. अशी चिठ्ठी मिळाली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढायची, आणि मागं पेनानं तारीख, रक्कम, खाते लिहायचं. आमचं त्या वेळी पासबुकातल्या नोंदीवर निभावलं.

खरेदीखत, जुने दाखले यांनाही लॅमिनेशन करू नये. मागचे शिक्के, सह्या, कागदाचा पोत पाहायचा असेल तर पाहता येत नाही. प्लास्टिकच्या पन्नीतही ठेवू नये. मामाजींनी काही ठेवले होते, तर उन्हाळ्यात पन्नी कागदाला चिकटून झेरॉक्सची अक्षरं पन्नीवर निघून आली होती, आरशातल्यासारखी उलटी. सुती कापडातलेच कागद सगळ्यात चांगले राहिले होते, ते धोतराचं फडकं.

म्हणून मी थैल्या शिवायच्या ठरवल्या. वरून नावं लिहिणार होते, पण सासूबाई माझ्याकडं पाहत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की दिवसा घरात त्याच असतात. मी वावरात, हे वावरात किंवा बाजारात, मुलगी कॉलेजला. कोतवाल, कृषी सहायक, सोसायटीचा माणूस येतो तो दुपारीच. मी नावं लिहिली तर संदूक पुन्हा त्यांच्यासाठी बंदच.

"रेशन कार्डाले कसा रंग असते," त्या म्हणाल्या. "आपलं केशरी, मागच्या बाईचं पिवळं. मले तं कवाच चुकत नाही."

मग रंग त्यांनीच ठरवले. वावराची थैली हिरवी, त्यांच्या जुन्या लुगड्याची. त्यात खरेदीखत, जुने सातबारे, फेरफार, मोजणीचा नकाशा, लगानाच्या पावत्या. बँक आणि सोसायटीची पिवळी. माणसांची लाल, म्हणजे जन्माचे, मृत्यूचे, लग्नाचे, शाळेचे, जातीचे दाखले. ती त्यांनी लग्नातल्या शालूच्या पदराची शिवायला लावली, मी नको म्हणत असताना. दवाखान्याची पांढरी. आणि चालू सालाची एक खाकी, जी दर पाडव्याला रिकामी करायची. त्यातले कागद एकतर दुसऱ्या थैल्यांत जातात, नाहीतर चुलीत.

प्रत्येक थैलीत अस्सल कागद एका पाकिटात आणि झेरॉक्स वेगळ्या. झेरॉक्सच्या कोपऱ्याला त्या स्वतः हळदीचा ठिपका लावतात, म्हणजे अंधारात काढला तरी कोणता देण्याचा आणि कोणता राखायचा ते कळतं. मुलीनं सगळ्या कागदांचे फोटो काढून तिच्या आणि ह्यांच्या फोनमध्ये ठेवले, काही डिजिलॉकरमध्येही आहेत. ते चांगलंच आहे. पण आमच्याकडं पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते, टॉवर नसतो, आणि पंचनामा त्याच दिवसांत होतो.

किल्ली आता देवखोलीच्या खिळ्याला असते. घरातल्या सगळ्यांना दिसते.

वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर सासूबाईंचं नाव आलं. त्यासाठी एक वेगळं शपथपत्र करावं लागलं, कारण माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं, आधारवर दुसऱ्याच्या पुढं 'बाई', मतदार यादीत 'बाई' नाही. ही सगळी नावं एकाच बाईची, असं लिहून द्यावं लागलं. आमच्या पिढीच्या जवळपास प्रत्येक बाईचं हेच आहे. जमत असेल तर हे आत्ताच सारखं करून घ्यावं, माणूस गेल्यावर दुखवट्यात नाही.

आणि मी एक केलं. १९९२ चा शासन निर्णय आहे, नवरा स्वखुशीनं, हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावू शकतो. लक्ष्मीमुक्ती म्हणतात त्याला, शेतकरी संघटनेनं आधी ती चळवळ चालवली होती. मी ह्यांना म्हटलं, करायचं का? हे बराच वेळ बसले. मग म्हणाले, वेचणी होऊ दे. वेचणी झाली, आणि त्यांनी स्वतः अर्ज लिहिला. आता नाल्याकाठच्या वावरावर माझंही नाव आहे. मागची बाई ते पाहायला आली होती. तिनं कागदावर बोट फिरवलं आणि माझं नाव कुठं लिहिलं आहे ते मला दाखवायला सांगितलं.

या पावसाळ्यात अतिवृष्टी झाली. टेकडीखालची पराटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडली, नाल्याकाठचं सोयाबीन उभ्यानं सडलं. एका दुपारी मी मजुरांसोबत टेकडीवर होते, हे धुऱ्याचं पाणी काढत होते. संध्याकाळी घरी आले तर सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, मांडीवर हिरवी आणि पिवळी, दोन्ही थैल्या.

"यादीवाला आला होता," त्या म्हणाल्या. "वावराचं माग्गे, बँकेचं माग्गे, अन् थो नवा नंबर, फार्मर आयडी. सारं देलं."

माझ्या पोटात धस्स झालं. "काय काय देलं?"

त्यांनी पिवळ्या थैलीतलं पाकीट उघडून पासबुक दाखवलं, हिरवीतलं खरेदीखत दाखवलं. मग लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या भागावर त्या माणसाची सही दाखवली, तारखेसकट. ती त्यांनी मागून घेतली होती.

"ठिपक्याचं देलं," त्या म्हणाल्या. "असल कोणाले देत असते काय वो?"